मोरचूद, गंज आणि जर्मन शिपाई

सोळाव्या शतकातल्या जर्मन शिपायांची छापील चित्रं अधूनमधून मोबाइलवर फिरत येतात. फुगीर, चिरा पाडलेल्या बाह्या, टोपीवर पिसं, खांद्याला लांब दांड्याची कुऱ्हाड. काही चित्रांवर बारीक काळे ठिपके असतात आणि 'कागद फार जुना झालाय' असं कुणीतरी हमखास म्हणतं. पण पुष्कळदा दोष कागदाचा नसतो. ज्या पत्र्यावरून चित्र छापलं, तो गंजलेला असतो.

हे शिपाई म्हणजे लांड्सक्नेश्ट. सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याने १४८०च्या दशकात उभं केलेलं भाडोत्री पायदळ. महिन्याला ४ गुल्डन (तेव्हाचं नाणं) पगार, पुढच्या फळीतल्याला दुप्पट. पगार थकला की हेच लोक लुटीला निघत. १५२७ साली रोम त्यांनी असंच लुटलं.

त्यांना चितारणारा डॅनियल हॉप्फर जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग शहराचा. चिलखतांवर आम्लाने नक्षी कोरणं हा त्याचा धंदा. तीच युक्ती त्याने सपाट लोखंडी पत्र्यावर वापरली आणि पत्र्यावरून कागदावर छाप घेतले. कुऱ्हाडवाल्या तीन शिपायांचा त्याचा पत्रा साधारण १५१०चा. तो आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

लोखंड कोरलं जातं कसं? पत्र्यावर मेणासारखा लेप द्यायचा, सुईने लेप ओरखडून चित्र काढायचं आणि वर द्रावण ओतायचं. त्या काळच्या कृतींत व्हिनेगर, मीठ, नवसागर, मोरचूद (तांब्याचा निळा क्षार, कॉपर सल्फेट) असे जिन्नस येतात. मोरचूद म्हणताच द्राक्षबागायतदारांना बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक, आठवेल. त्यात लोखंडी खिळा किंवा विळा बुडवून बघतात. तांबूस थर चढला तर अजून चुना हवा. शाळेत शिकलेली विस्थापन अभिक्रिया ती हीच. अभिक्रियाशीलता श्रेणीत लोखंड तांब्याच्या वर आहे. लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन देऊन द्रावणात उतरतो, तांब्याचा आयन ते घेऊन धातू बनतो. बागेत आपण तांबूस थर बघतो. हॉप्फरला हवा होता तो त्याखाली पडलेला खड्डा. बसलेलं तांबं आणि शेजारचं लोखंड मिळून इवलासा विद्युतघट तयार होतो आणि झीज आणखी वाढते. शिवाय द्रावण खाली खातं तसं बाजूलाही खातं. म्हणून या रेघा जाडसर, बोथट येतात. प्रसिद्ध जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररने अशी फक्त सहा चित्रं केली, १५१५ ते १५१८ दरम्यान. शेवटच्यात मोठी तोफ आहे.

छापताना पत्र्याला शाई फासून पृष्ठभाग पुसून घेतात. खड्ड्यातली शाई तेवढी उरते, आणि ओला कागद दाबला की ती वर येते. आता पत्रा गंजला तर? गंजाने पडलेला खळगाही शाई धरतो आणि ठिपका उमटतो. हॉप्फर घराण्याचे दोनशेहून जास्त पत्रे सतराव्या शतकात न्युर्नबर्गचा प्रकाशक डाव्हिड फुंक याने पुन्हा छापले आणि त्यांवर क्रमांक टाकले. गंजाचे ठिपके नसलेला, बिनक्रमांकाचा छाप हाती आला तर तो बहुधा आधीचा.

  

हॉप्फरचं चित्र पुन्हा उघडाल तेव्हा तलवार कोणत्या बाजूला आहे ते बघा. पत्र्यावरचं डावं कागदावर उजवं होतं, त्यामुळे अशा छापांतला डावखुरा शिपाई खरा डावखुरा असेलच असं नाही.