मेलवरचे नाव आणि मेलचा पत्ता

दहावी-बारावीचे निकाल लागले, की सोलापुरातही प्रवेश, शिष्यवृत्ती आणि दाखल्यांची धांदल सुरू होते. त्यातच पुष्कळ घरांत वडिलांच्या मोबाइलवर एकच ईमेल खाते असते. टॉवेल-चादरींच्या ऑर्डरी, बँकेची पत्रे आणि मुलीचा प्रवेशअर्ज, सारे त्यावरच चालते. अशा खात्यात ‘शिष्यवृत्ती विभाग’ या नावाने मेल आला, तर घरातले कोणीही तो लगबगीने उघडणार.

वास्तविक ते नाव पाठवणाऱ्याने स्वतःच टाईप केलेले असते. रे टॉमलिन्सन यांनी 1971 मध्ये एका संगणकावरून दुसऱ्यावर पहिला मेल पाठवला आणि मेल पोहोचवण्याचे नियम 1982 मध्ये ठरले, तेव्हा हे जाळे प्रामुख्याने संशोधन संस्थांपुरते होते; त्यामुळे पाठवणारा खरा आहे का, हे तपासण्याची सोय त्या नियमांत ठेवलीच नव्हती. ती पुढे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन पद्धतींनी जोडली गेली. अमुक डोमेनचा, म्हणजे पत्त्यात @ या चिन्हानंतर येणाऱ्या नावाचा, मेल कोणत्या सर्व्हरवरून यावा, त्यावरची डिजिटल सही जुळते का आणि न जुळल्यास काय करावे, हे त्यांतून ठरते. मात्र पाठवणारा प्रामाणिक आहे, अशी हमी त्या देत नाहीत. भामट्याने स्वतःचे डोमेन रीतसर विकत घेतले, तर त्याचा मेल या तिन्ही चाचण्या सहज पार करतो.

म्हणून पत्ता आपणच वाचायचा, आणि तोही शेवटाकडून. मोबाइलवर सहसा नुसते नावच दिसते. त्यावर बोट ठेवले की पत्ता उघडतो. सरकारी पत्त्याचा शेवट साधारणतः ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असा असतो. ‘महाडीबीटी डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम’ असा पत्ता दिसला, तर त्यातले सुरुवातीचे सरकारी वाटणारे शब्द निव्वळ सजावट आहेत. पत्त्याचा मालक ‘अमुकतमुक डॉट कॉम’ आहे.

मुलांचे खाते वेगळे असणे केव्हाही बरे. गुगलवर भारतात 13 वर्षांखालील मुलासाठी पालकांच्या देखरेखीखालचे खाते काढता येते; वय वाढवून सांगून काढलेल्या खात्याला मुलांसाठीची ही बंधने लागू होत नाहीत. दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डखेरीज आणखी एक खातरजमा, सुरू करावीच, पण त्याहून अधिक दुर्लक्ष होते ते खाते परत मिळवण्यासाठी दिलेल्या मोबाइल क्रमांकाकडे. बंद पडलेल्या सिमचा क्रमांक किमान 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो, आणि मग पासवर्ड बदलण्याचा कोड त्याच्या हाती जाऊ शकतो.

अनोळखी माणसाने मेलवर फोटो मागितला किंवा धमकावले, तर मूल घरी सांगते का, यावर बरेच अवलंबून असते. सांगितल्याबरोबर मोबाइल काढून घेतला, तर पुढच्या वेळी ते गप्प बसेल. ही शिक्षा पालकांनी टाळावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैसे गेलेच, तर सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या हेल्पलाइन क्रमांकावर तातडीने कळवावे, कारण रक्कम पुढे वळवली जाण्याआधी ती गोठवण्याची शक्यता असते. रागाने किंवा भीतीने तो मेल मात्र पुसू नये. कोणकोणत्या सर्व्हरवरून तो आला याची नोंद त्याच्या हेडरमध्ये, म्हणजे मेलसोबत येणाऱ्या तांत्रिक माहितीत, असते; स्क्रीनशॉटमध्ये ती येत नाही आणि तपासाला मूळ मेलच लागतो.