दिवा घेताना भिंतीकडे बघा

जेवणाच्या टेबलावर टांगायला म्हणून मी एकदा काचेचा एक दिवा आणला. पारदर्शक काचेचा गोळा, आत सोनेरी तारांसारखे चमकणारे एलईडी. दुकानात तो इतका देखणा दिसला की बाकीच्या दिव्यांकडे मी नीट पाहिलंच नाही. घरी लावला आणि पहिल्याच जेवणाला लक्षात आलं, समोरच्या माणसाशी बोलायचं तर कपाळावर आडवा हात धरावा लागतोय. ताटातलं दिसत होतं, माणसं दिसत नव्हती. दिवा तोच, बल्ब तोच. मग दुकानात तो डोळ्यांत का खुपला नाही?

कारण तिथे तो एकटा नव्हता. दिव्यांच्या दुकानात छतभर दिवे एकाच वेळी पेटलेले असतात आणि आपले डोळे त्या लखलखाटाला सरावतात. या सरावण्याची क्षमता थक्क करणारी आहे. एखाद्या जागेवर पडणारा प्रकाश लक्समध्ये मोजतात. पौर्णिमेच्या चांदण्यात जमिनीवर साधारण पाव लक्स प्रकाश पडतो, भर दुपारच्या उन्हात एक लाख लक्स. चार लाख पटींचा फरक, तरी दोन्हीकडे आपल्याला वाट दिसते. बाहुलीचा व्यास २ ते ८ मिलिमीटर एवढाच बदलतो, म्हणजे क्षेत्रफळ फार तर सोळापट. उरलेलं काम दृष्टिपटलावरच्या पेशी आणि त्यांतली रसायनं करतात. या सोयीची किंमत एवढीच, की डोळा प्रकाश मोजत नाही, आजूबाजूशी ताडून बघतो. गाडीचे हेडलाइट दुपारी चालू आहेत हेही कळत नाही, रात्री तेच डोळे दिपवतात. माझ्या काचेच्या गोळ्यामागे दुकानात उजळलेली पांढरी भिंत होती, घरी मागे अंधुक कोपरा होता.

त्यामुळे दुकानात दिव्याकडे बघून दिवा निवडणं ही पद्धतच मुळात फसवी आहे. घरी आपण दिव्याकडे क्वचितच बघतो. बघतो ते पुस्तक, भाजी, चेहरा, भिंत.

आधी मोजमापांचं बोलू. वॉट हा विजेचा हिशेब, उजेडाचा नव्हे. पण साठ वॉटचा बल्ब, शंभर वॉटचा बल्ब ही भाषा तोंडात इतकी बसली आहे की अजून लोक वॉट विचारूनच बल्ब घेतात. उजेडाचं माप लुमेन. एक साधी मेणबत्ती सगळ्या दिशांना मिळून बारा-तेरा लुमेन देते. जुना साठ वॉटचा बल्ब साधारण ८०० लुमेन द्यायचा. तेवढाच उजेड एलईडी आठ-नऊ वॉटमध्ये देतो. हे ८०० लुमेन जिथे पडतात तिथे दर चौरस मीटरला किती आले, ते लक्स. दुकानातल्या खोक्यावर लुमेन छापलेले असतात, डोळ्यांना मात्र लक्स हवे असतात. या दोहोंच्या मध्ये तुमची खोली उभी असते.

अंतराचा हिशेब तर निर्दयच आहे. ८०० लुमेनचा उघडा बल्ब सगळीकडे सारखा उजेड टाकतो असं धरलं, तर दोन मीटर खाली असलेल्या पुस्तकाच्या पानावर त्यातले थेट जेमतेम १६ लक्स पोचतात. तोच बल्ब पानापासून अर्ध्या मीटरवर आणा, २५५ लक्स होतात. अंतर पाव झालं की प्रकाश सोळापट. ऑफिसच्या कामाच्या टेबलासाठी ५०० लक्सची शिफारस असते. छतावरच्या एकुलत्या दिव्याकडून ती पुरी करायला गेलं तर खोलीचं नाटकाचं स्टेज होईल. टेबलावरचा छोटा दिवा ते काम सहज करतो.

छताच्या मधोमध एक दिवा आणि झालं, ही आपली सवय सगळ्यात जास्त नडते ती स्वयंपाकघरात. ओट्यापाशी उभं राहिलं की दिवा पाठीमागे येतो आणि आपलीच सावली नेमकी सुरीवर पडते. तिथे जास्त लुमेनचा बल्ब लावला तरी सावली नाहीशी होत नाही. वरच्या कपाटांच्या तळाला पुढच्या कडेशी एक बारीक पट्टी लावली की प्रश्न मिटतो. आरशाचंही तसंच. डोक्यावरून येणारा उजेड डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावल्या पाडतो, चेहरा उगाच थकलेला दिसतो. आरशाच्या दोन्ही बाजूंना चेहऱ्याच्या उंचीवर दिवे असले की दाढी करणाऱ्याचीही सोय आणि टिकली लावणाऱ्याचीही.

आता भिंती. हा भाग दिवे विकणारा कधीच सांगत नाही, कारण भिंत त्याच्याकडे मिळत नाही.

चांगला पांढरा रंग दिलेली भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला सुमारे ८० टक्के परत फेकते. तो समोरच्या भिंतीवर जातो, तिथून त्याचा ८० टक्के पुन्हा परत येतो, आणि हे असंच चालू राहतं. १ अधिक ०.८ अधिक ०.६४ अधिक ०.५१२... ही बेरीज शेवटपर्यंत केली तर उत्तर येतं ५. म्हणजे सगळ्या बाजू पांढऱ्या असलेल्या खोलीत दिवा स्वतः जेवढा थेट प्रकाश टाकतो, त्याच्या पाचपट प्रकाश पृष्ठभागांवर खेळत असतो. भिंती निम्माच प्रकाश परतवत असतील तर बेरीज २ वर थांबते. गडद निळ्या किंवा चॉकलेटी भिंती २० टक्के परतवत असतील तर सव्वाच्या वर जात नाही. खऱ्या खोलीत खिडक्या, पडदे, सोफे, पुस्तकांची कपाटं असतात, त्यामुळे पाचपट कुणाच्याच वाट्याला येत नाही. पण पाच आणि सव्वा यांतला फरक खराच आहे. गडद रंग दिलेल्या खोलीत 'उजेड पुरत नाही' म्हणून दुप्पट लुमेनचा दिवा आणणाऱ्यांना हे गणित सांगावंसं वाटतं.

शिवाय दुप्पट लुमेन म्हणजे दुप्पट लख्ख नव्हेच. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली स्टीव्हन्स यांनी माणसाच्या संवेदना मोजण्याचे पुष्कळ प्रयोग केले. त्यांच्या नियमाप्रमाणे एखादी गोष्ट दुप्पट उजळ भासायला साधारण आठपट प्रकाश लागतो. त्यापेक्षा छतावर किंवा भिंतीवर उजेड टाकणारा एखादा दिवा लावला तर खोली मोठीही वाटते आणि उजळही, कारण नजर सरळ धरली की आपल्यासमोर बहुतेक भिंतीच असतात. फॉल्स सीलिंगमध्ये ओळीने खोचलेले अरुंद झोताचे डाउनलाइट याच्या नेमके उलट वागतात. जमिनीवर उजेडाची वर्तुळं आणि भिंतींचा वरचा भाग काळोखा. लुमेन भरपूर, तरी खोली उदास. दिव्याच्या खोक्यावर झोताचा कोन अंशांत दिलेला असतो. २४ अंश म्हणजे चित्रावर किंवा शोभेच्या वस्तूवर टाकायचा झोत. राहत्या खोलीला ६० किंवा त्याहून जास्त बरा.

पुन्हा माझ्या काचेच्या गोळ्याकडे येतो. उजेड डोळ्यांत बोचतो तो एकूण लुमेनमुळे कमी आणि ते केवढ्याशा जागेतून बाहेर पडतात त्यामुळे जास्त. समजा ८०० लुमेन ६ सेंटीमीटरच्या दुधी बल्बमधून येत आहेत. तेच ३० सेंटीमीटरच्या दुधी गोळ्यातून येऊ द्या. व्यास पाचपट, दिसणारं क्षेत्रफळ पंचवीसपट, म्हणून डोळ्याला जाणवणारं तेज पंचविसावा हिस्सा. खोलीतला उजेड जवळपास तेवढाच. मोठ्या पृष्ठभागामुळे सावल्यांच्या कडाही मऊ होतात. पारदर्शक काच यातलं काहीच करत नाही, ती फक्त आतला बल्ब दाखवते. ज्येष्ठ माणसं घरात असतील तर हे अधिकच महत्त्वाचं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट आणि धूसर होतं, बाहुली लहान होते. विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साठीतल्या डोळ्याच्या दृष्टिपटलापर्यंत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, आणि धूसर भिंगात तो विखुरत असल्यामुळे उघड्या बल्बचा त्रासही त्यांनाच जास्त. त्यांना उजेड जास्त हवा, पण झाकलेला.

प्रकाशाच्या रंगाबद्दल थोडक्यात. खोक्यावर २७००, ४०००, ६५०० असे केल्विनचे, म्हणजे तापमानाचे, आकडे असतात. तापलेली वस्तू जितकी गरम तितका तिचा प्रकाश निळसर, म्हणून भौतिकशास्त्राच्या दृष्टीने 'कूल डेलाइट' हा 'वॉर्म व्हाइट'पेक्षा तापलेला ठरतो. मेणबत्ती १९०० केल्विनच्या आसपास, जुन्या बल्बची टंगस्टनची तार २७००, सूर्याचा पृष्ठभाग ५८००. डच शास्त्रज्ञ आरी क्राउटहॉफ यांनी १९४१ मध्ये एका आलेखातून मांडलं, की मंद उजेड पिवळसर असला तरच सुखद वाटतो आणि तोच निळसर असला तर उदास. पुढच्या प्रयोगांत त्यांचा आलेख तंतोतंत टिकला नाही, पण मंद पांढऱ्या ट्यूबखाली बसलेल्या कुणालाही त्यांचं म्हणणं पटेल. शिवाय डोळ्यात काही पेशी अशा आहेत ज्या चित्र बघण्यापेक्षा शरीराच्या घड्याळाला दिवस-रात्र कळवतात. त्यांना ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा निळा प्रकाश सगळ्यात जास्त जाणवतो. तेव्हा झोपायच्या खोलीत २७००, कामाच्या जागी ४०००. एका खोलीत एका वेळी पेटणाऱ्या दिव्यांचे आकडे मात्र सारखे ठेवा.

खरी मेख आहे ती लाल रंगात. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. हा निळा एलईडी बनवणं इतकं अवघड होतं, की त्यासाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या निळ्या चिपवर पिवळा प्रकाश देणाऱ्या भुकटीचा थर असतो. थोडा निळा तसाच बाहेर येतो, उरलेल्याचा पिवळा होतो, आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. पण या मिश्रणात गडद लाल जवळजवळ नसतोच. तो हवा तर वेगळी भुकटी घालावी लागते, आणि तिथे लुमेनचं माप आडवं येतं. लुमेन मोजताना माणसाच्या डोळ्याला कोणता रंग किती जाणवतो ते धरलेलं असतं. ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला पूर्ण गुण, गडद लालला अगदी थोडे. म्हणजे लाल जास्त घातला की एका वॉटमागचे लुमेन घटतात आणि खोक्यावरचा आकडा फिका पडतो. लाल कापला की आकडा झकास, आणि तुमच्या घरातले टोमॅटो मात्र विटकरी.

यावर उपाय म्हणून दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा सीआरआय नावाचा गुण असतो, जास्तीत जास्त १००. बहुतेक घरगुती दिवे ८०च्या आसपास असतात. गंमत अशी, की हा गुण आठ फिकट रंगांच्या सरासरीवरून काढतात आणि गडद लाल त्या आठांत नाही. तो आर९ या नावाने वेगळा मोजतात, आणि छापतात फार थोडे. म्हणून ९० किंवा त्याहून जास्त सीआरआय बघा आणि दुकानात एक साधी चाचणी करा. शक्य असेल तर बाकीचे दिवे बंद करायला सांगा आणि एकाच दिव्याखाली आपला तळहात धरा. त्वचेच्या छटांत लाल भरपूर असतो. तळहात मातकट, निस्तेज दिसला तर तो दिवा तिथेच राहू द्या.

हात तिथे आहेच, तर एक पेनही हलवून बघा. पंख्यासारखं भराभर फिरवल्यावर सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक. एकामागे एक सुटी पेनं दिसली तर दिवा लुकलुकतोय. जिथे वीज ५० हर्ट्झची, तिथे स्वस्त ड्रायव्हरचा (एलईडीला हवी तशी वीज पुरवणाऱ्या सर्किटचा) एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला थेट कळत नाही, काहींचं डोकं मात्र दुखतं.

टिकाऊपणाचं गणित उष्णतेवर चालतं. एलईडी हाताला फार तापत नाही म्हणून तो थंडच असतो, हा गैरसमज. त्याला दिलेल्या विजेतली निम्म्याहून जास्त अजूनही उष्णताच होते. जुना बल्ब ती अवरक्त किरणांतून बाहेर फेकायचा, एलईडीची उष्णता धातूच्या पाठीतून हवेत जावी लागते. चारी बाजूंनी बंद काचेच्या शोभिवंत फिटिंगमध्ये ती अडकते आणि आतल्या ड्रायव्हरचे कपॅसिटर शिजतात. ढोबळ नियम असा, की दर दहा अंश वाढीला त्यांचं आयुष्य निम्मं होतं. खोक्यावरचे २५,००० तास म्हणजे रोज आठ तासांनी साडेआठ वर्षं, पण ते हवा खेळती असेल तर. त्यातही तेवढ्या तासांनी बहुधा ७० टक्के उजेड उरलेला असतो, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. मी तरी बल्ब बदलता येतो अशीच फिटिंग घेतो. एलईडी आतच जडवलेली घ्यायची असेल तर निदान ड्रायव्हर सुटा मिळतो का ते विचारावं, नाहीतर एका बारक्या भागापायी अख्खं झुंबर उतरवावं लागतं. न्हाणीघर आणि गॅलरीसाठी आयपी हा आकडा असतो. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. शिंतोड्यांना आयपी४४, थेट फवाऱ्याला आयपी६५.

माझा काचेचा दिवा अजून आहे. खालचा अर्धा भाग आरशासारखा चंदेरी असलेला बल्ब त्यात बसवला आणि दिवा वीतभर वर ओढला. आता उजेड आधी पांढऱ्या छतावर जातो आणि तिथून टेबलावर उतरतो. ताटं पूर्वीइतकी झळकत नाहीत. समोरचा माणूस हसला की दिसतं.