सातारा : वाड्यांचे जतन

सातारा शहर व वाई परिसरातील मराठेकालीन आणि संस्थानकालीन वाडे, राजवाडे व त्यांच्याशी निगडित घाट-विहिरी राखण्याचे स्थानिक प्रयत्न. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचे हे शहर छत्रपती शाहूंच्या कारकीर्दीत (१७०८–४९) वाढले. पेठांतून आज दिसणारे बहुतेक वाडे मात्र त्यानंतरचे असावेत.

राजवाडे : शहरात जुना व नवा असे दोन राजवाडे लागून आहेत. जुना साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्या काळातील मानतात. नवा राजवाडा त्यांचे धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांनी १८३८–४४ या काळात बांधला, असे गॅझेटियरच्या आधारे सांगितले जाते. तथापि प्रतापसिंहांना इंग्रजांनी १८३९ च्या सप्टेंबरात पदच्युत केले व आप्पासाहेब त्यानंतर गादीवर आले. तेव्हा १८३८ हे वर्ष ग्राह्य धरल्यास कामाचा आरंभ प्रतापसिंहांकडे जातो. पूर्तता तेवढी आप्पासाहेबांची, हे अधिक संभवनीय वाटते. १८४८ मध्ये संस्थान खालसा झाले. पुढे या वास्तूंत शाळा व न्यायदानाची कामे चालली, आणि सततच्या वापरानेच त्या तगल्या. येथील शाळेत (आताचे प्रतापसिंह हायस्कूल) ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले. राज्यात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

मेणवली : वाईजवळचा नाना फडणवीसांचा सहा चौकी वाडा १७६८ चा, असे सर्रास लिहिले जाते. ते वर्ष गाव इनाम मिळाल्याचे आहे. वाडा, घाट व देवळे ही नंतर टप्प्याटप्प्याने झाली असावीत. १८०० मध्ये नानांचे निधन झाल्यावर वाडा जप्त झाला व पुढे त्यांच्या पत्नी जिऊबाईंकडे परत आला. तो घराण्याने राखला, ही या परिसरातील जतनाची सर्वांत मोलाची कामगिरी म्हणावी लागेल. घाटावरील घंटा पोर्तुगीजांविरुद्धच्या वसईच्या मोहिमेतून (१७३९) आली, असे मानतात. तिच्यावर १७०७ हे वर्ष आहे.

बांधणी व दुरुस्ती : घडीव दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मध्ये विटांच्या भिंती, खणांवर कडीपाट (लाकडी कड्या व फळ्यांचे छत) व मातीची भर, वर कौले, अशी सर्वसाधारण रचना असते. भार लाकडावर असल्याने खांबाचा बुंधा व तुळईचे भिंतीत शिरलेले टोक या दोन जागा आधी खचतात. वाळवी व ओल तेथेच पोहोचते. पावसाळ्यापूर्वीची शाकारणी (कौलांची डागडुजी) चुकली की दोन-तीन पावसांत कडीपाट कुजू लागतो. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केल्यास आतली ओल कोंडते. म्हणून चुनाच वापरणे हितावह. मळलेल्या चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळ घालण्याची रीत होती, परंतु ती जाणणारे गवंडी आता विरळ झाले आहेत. जतनाच्या कामाची गौरवचिन्हे बहुधा मालक वा वास्तुविशारद यांना मिळतात. गवंडी-सुतारांची नावेही त्यांत यायला हवीत.

कायदा : राज्याचा १९६० चा प्राचीन स्मारकविषयक कायदा अधिसूचित वास्तूंनाच लागू होतो. राहता वाडा सहसा त्याबाहेर राहतो आणि खर्चाचा भार कुटुंबावर पडतो. वाटण्या व जुन्या भाडेकरारांची गुंतागुंत यांमुळे दुरुस्ती रखडते. महाबळेश्वर-पाचगणीची स्थिती निराळी आहे. तेथे २००१ च्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेने वारसा-वास्तूंनाही संरक्षण दिले.

कागदपत्रे : वाड्यांचा काळ ठरविण्यास घरोघरचे रुमाल (कापडात बांधलेली जुन्या कागदांची गाठोडी) हेच मुख्य साधन. इतिहास-संशोधक द. ब. पारसनीस (मृत्यू १९२६) यांनी असे कागद साताऱ्यात जमवले. नाना फडणवीसांच्या कागदांचे मेणवली दप्तरही त्यांच्या संग्रहात आले. हा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलविण्यात आला.