साडेचारची धास्ती

सदाशिव पेठेतल्या आमच्या एका काकांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, होऊन आठ वर्षं झाली. हाताचा कंप घरच्यांच्या अंगवळणी पडला होता. दुपारची धास्ती मात्र पडेना. साडेचारच्या सुमारास छातीत धडधड, दरदरून घाम, 'मला एकटं सोडू नका'. ईसीजी नॉर्मल. मग सल्ले सुरू झाले. एवढा आजार म्हटल्यावर मन खचणारच. साडेसाती आहे, शनिवारी मारुतीला तेल वाहा. ही साडेसाती रोज साडेचारला लागते आणि साडेसहाला उतरते, हे मात्र कुणाला खटकलं नाही.

लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा कंप आणि वाकलेली चाल नोंदवली. बुद्धी शाबूत राहते असंही लिहिलं. मनाचा भाग पुढे बराच काळ मागेच राहिला. आज आपल्याला माहीत आहे की साधारण तीनातल्या एका रुग्णाला नैराश्य किंवा चिंतेचा त्रास होतो, आणि कित्येकांना तो हात थरथरण्याच्या काही वर्षं आधीपासून असतो. म्हणजे तो निव्वळ बातमीचा धक्का नव्हे. हालचाल सांभाळणारं डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशींबरोबरच मेंदूच्या देठातल्या, मनःस्थिती सांभाळणारी नॉरॲड्रेनलिन आणि सेरोटोनिन ही रसायनं बनवणाऱ्या पेशीही या आजारात मरतात.

पण घड्याळ लावून येणाऱ्या भीतीची गंमत वेगळी आहे, आणि ती पुणेकराला चटकन कळेल. पालिकेचं पाणी ठरावीक वेळी येतं, तरी नळ दिवसभर चालतो, कारण गच्चीवर टाकी असते. या आजारावरची लिव्होडोपाची गोळी म्हणजे ते पालिकेचं पाणी. मेंदूत तिचं डोपामिन होतं. सुरुवातीच्या वर्षांत शिल्लक पेशी ते आपल्या सूक्ष्म पिशव्यांत भरून ठेवतात (भरणारं प्रथिन व्हीमॅट-२) आणि लागेल तसं सोडतात. पेशी मरत जातात तशी टाकी लहान होते. मग पाणी आलं तर नळाला धार, नाहीतर पाणी बंदचा गुरुवार. रक्तातलं लिव्होडोपा साधारण दीड तासात निम्मं होतं, तीन तासांत पाव. आता मेंदूतलं डोपामिनही त्याच उतारावरून घसरतं. त्याला रुग्ण 'ऑफ' म्हणतात. डोपामिन फक्त स्नायूंसाठी नसतं; भावना सांभाळणाऱ्या जाळ्यांनाही ते लागतं, म्हणून काहींना आधी भीती येते, कंप मागून.

त्यात जेवणाची भर. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरताना लिव्होडोपा प्रथिनांतल्या अमिनो आम्लांच्याच वाहकावर चढतं. मेंदूच्या वेशीवरचा हा वाहक म्हणजे लॅट-१. मटकीची उसळ आणि गोळी एकदम पोटात गेली की दारात रेटारेटी.

काकांच्या गोळ्या आठ, एक आणि सहाला होत्या. काकूंनी आठवडाभर वहीत गोळी, जेवण आणि धास्ती यांच्या वेळा लिहिल्या. न्यूरॉलॉजिस्टनी वही पाहिली आणि चार वेळा करून दिल्या, जेवणाआधी अर्धा तास. याशिवाय लिव्होडोपाचा असर लांबवणारी औषधंही असतात. भीतीवर नुसती झोपेची गोळी दिली असती तर या वयात तोल जाऊन पडण्याचा धोका वाढला असता.

मधल्या काळात कुणीतरी खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण आणून दिलं होतं, 'नैसर्गिक' म्हणून. त्या बियांत खरोखरच लिव्होडोपा असतं! म्हणूनच ते चूर्ण लपूनछपून घ्यायचं नसतं. चमच्यात किती औषध आहे हे डब्यावर असेलच असं नाही, आणि वरून गोळ्या चालूच.

नव्या वेळांनी साडेचारची धास्ती बरीच ओसरली. सकाळपासूनची उदासी तशीच राहिली, कारण तिचा गोळीच्या उताराशी संबंध नव्हता. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं लागलं. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन ही नैराश्यावरची औषधं पार्किन्सन्समध्येही उपयोगी पडतात, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. विचारांची घडण बदलणारी बोलण्याची उपचारपद्धतीही चालते. प्रामिपेक्सोलसारखं डोपामिनची नक्कल करणारं औषध मन वर आणतं, पण काहींना त्यातून जुगार किंवा बेसुमार खरेदीचा नाद लागतो, तेव्हा घरच्यांनी लक्ष ठेवायचं. काकांचा चेहरा अजूनही कोराच दिसतो. तो चेहऱ्याच्या स्नायूंचा ताठरपणा आहे. काकू आता चेहरा बघत नाहीत, सरळ विचारतात, 'कसं वाटतंय?'