आत्मा उरणं आणि माणूस उरणं

काकांच्या दहाव्याला कळव्याच्या खाडीकाठी आम्ही पिंडाकडे डोळे लावून उभे होतो. कावळे भिंतीवर बसून होते, पण एकही खाली येईना. चुलतभावाने हात जोडले, "बाबा, आईला मी सांभाळीन, काळजी करू नका." कुणीतरी काकूंना धीर दिला, "वहिनी, आत्मा अमर असतो." काकू म्हणाल्या, "असेल हो. पण ह्यांना मी आठवत असेन का?"

मला वाटतं, काकूंनी जिथे बोट ठेवलं तिथेच आपला सगळा घोळ आहे. "आत्मा उरतो" आणि "माणूस उरतो" ही एकच गोष्ट समजून आपण बोलतो. गीतेतला जुनी वस्त्रं टाकून नवी घेणारा 'देही' पहिल्या गोष्टीतला. कावळ्यासमोर भावाने दिलेला शब्द मात्र दुसऱ्या गोष्टीतला, कारण ज्याला मुलगा, बायको, घर आठवतं त्यालाच शब्द देता येतो.

तत्त्वज्ञांचे गाजलेले युक्तिवाद बहुतेक पहिल्या गोष्टीचे आहेत. प्लेटोच्या संवादात, विष घेण्याच्या दिवशी, सॉक्रेटिस म्हणतो की जे जोडून बनतं ते सुटतं. आत्मा जोडलेला नाही, म्हणून तो मोडण्याचा संभव कमी. तिथेच त्याचा सोबती सिमियास विचारतो, आत्मा हा वीणेच्या सुरासारखा असेल तर? वीणा मोडली की सूर कुठला? आपल्याकडे चार्वाकांनी हेच मद्याच्या दाखल्याने सांगितलं: किण्वाने, म्हणजे आंबवणाने, जशी नशा येते, तसं चार भूतांच्या मिश्रणातून चैतन्य येतं. पण मला सगळ्यांत बोचतं ते जर्मन तत्त्वज्ञ कांटचं 1787 सालचं उत्तर. आत्म्याला भाग नसतील, पण त्याच्या जाणिवेला कमी-जास्तपणा आहेच. तो न तुटताही हळूहळू मंद होत शून्याला पोचू शकतो.

मी काकांना असंच मंद होताना पाहिलं. शेवटची दोन वर्षं ते काकूंनाच विचारायचे, "बाई, तुम्ही कोण?" तरी रोज सकाळी रुमालाची नीट चौघडी करून खिशात ठेवायचे आणि दाराशी जाऊन उभे राहायचे, वागळे इस्टेटच्या पहिल्या पाळीला निघाल्यासारखे. निवृत्त होऊन तेव्हा वीस वर्षं उलटली होती.

इथे दुसरा प्रश्न सुरू होतो. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने 1694 मध्ये लिहिलं की ट्रॉयच्या वेढ्यातल्या नेस्टरचा आत्मा आज तुमच्यात असला, पण त्याचं केलेलं काहीच तुम्हाला आठवत नसलं, तर तुम्ही नेस्टर नव्हे. म्हणजे आत्मा तोच, माणूस दुसरा. बौद्धांनी तर उलट बाजूने दाखवलं: भिक्खू नागसेन मिलिंद राजाला सांगतो की रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत ना तीच, ना वेगळी. कायम राहणारा आत्मा न मानताही प्रवाह पुढे जातो.

न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथातला, न्यायसूत्रांतला, युक्तिवाद दोन्हींच्या मध्ये उभा आहे. नवजात बाळ कुणी न शिकवता स्तनाकडे वळतं. ही ओढ पूर्वीच्या सवयीतून, म्हणून पूर्वजन्म. लोखंड कुठल्याही सवयीशिवाय चुंबकाकडे जातंच की, हा आक्षेपही तिथे आहे. पण युक्तिवाद मान्य केला तरी बाळाबरोबर येतो तो संस्कार, म्हणजे सवयीचा ठसा. मागचं नाव नाही, नातं नाही. काकांजवळ रुमाल उरला होता आणि काकू पुसल्या गेल्या होत्या, तसंच काहीसं.

आत्म्याबद्दल इतकं बोलणाऱ्या आपल्या परंपरेने हा फरक झाकलेला नाही. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी आपल्या पत्नीला, मैत्रेयीला, मिठाच्या खड्याचा दाखला देतो: पाण्यात विरला की उचलून काढता येत नाही, पाणी मात्र कुठूनही घ्या, खारटच. आणि मग म्हणतो, "न प्रेत्य संज्ञास्ति." मेल्यानंतर संज्ञा राहत नाही. मैत्रेयी गडबडून जाते. इथेच तुम्ही मला गोंधळात टाकलंत, असं ती म्हणते. शंकराचार्यांच्या मते तिथे 'संज्ञा' म्हणजे मी अमक्याचा मुलगा, हे माझं शेत, ही वेगळेपणाची जाणीव. शुद्ध चैतन्य मात्र नष्ट होत नाही. अद्वैतात हे उत्तर बसतं. पण ज्याची वाट पाहायची, तो माणूस त्यात सापडत नाही, हे मान्य करायला हवं.

कावळा बऱ्याच वेळाने शिवला. घरी आल्यावर मी काकूंना मैत्रेयीची गोष्ट सांगितली. त्या काकांचे रुमाल कपाटात लावत होत्या. हातातला रुमाल तसाच धरून म्हणाल्या, "म्हणजे तिनेही हेच विचारलं होतं तर."