पिकअप आणि ॲव्हरेज : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

‘पिकअप वाढवून द्या, ॲव्हरेज पडलं तरी चालेल,’ असं सांगून बरेच जण गाडी ठेवून जातात. दोन्हींचं वैर आहे, ही समजूत रेसिंगवाल्यांनीच खोटी ठरवली आहे.

फॉर्म्युला वनमध्ये 2013 पर्यंत 2.4 लिटरची व्ही-8 इंजिनं होती. शर्यतीला साधारण दीडशे किलो पेट्रोल लागायचं (तिथे ते किलोवर मोजतात, कारण उष्णतेनं लिटर फुगतात, वजन तेवढंच राहतं). 2014 ला 1.6 लिटरचं टर्बो हायब्रिड इंजिन (एक्झॉस्टच्या जोरावर फिरणाऱ्या टर्बोनं आत जास्त हवा कोंबणारं, जोडीला विजेची मोटर असलेलं) आलं आणि शर्यतीला 100 किलोची मर्यादा पडली. शिवाय इंजिनात तासाला 100 किलोपेक्षा जास्त वेगानं पेट्रोल सोडायलाही बंदी. मोजूनमापून पेट्रोल मिळाल्यावर ताकद वाढवायला एकच वाट उरली : आहे त्यातूनच जास्त काम काढायचं. एक्झॉस्टच्या उष्णतेवर टर्बोमधून वीज बनू लागली, पेट्रोल-हवेच्या मिश्रणात हवा वाढली. 2017 मध्ये मर्सिडीजनं टेस्ट बेंचवर 50 टक्क्यांहून जास्त औष्णिक कार्यक्षमता गाठल्याचं जाहीर केलं. आपल्या रस्त्यावरच्या पेट्रोल इंजिनात पेट्रोलच्या उष्णतेचा तिसरा हिस्सा कामी आला तरी पुष्कळ. बाकीची सायलेन्सर आणि कूलिंगमधून निघून जाते.

ते तंत्र तुमच्या मोटरसायकलवर बसणार नाही, पण हिशेब तोच आहे. फुल थ्रॉटलला मिश्रण थोडं रिच (म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त) असलं की जास्त ताकद मिळते, हे खरं. पण सिग्नल ते सिग्नल चालवताना फुल थ्रॉटल लागतो किती वेळ? सरसकट रिच केलेली गाडी दिवसभर पेट्रोल पिते आणि प्लगवर काजळी धरते. म्हणून आम्ही आधी प्लग काढून बघतो. टोकावर फिकट तपकिरी रंग असेल तर जळण नीट आहे. सुकी काळी काजळी असेल तर एअर फिल्टर चोक आहे का, इंजेक्टर बारीक फवारा मारतोय की थेंब गाळतोय, हे तपासतो. बहुतेक गाड्यांचा गेलेला पिकअप इथेच परत येतो आणि ॲव्हरेजही सुधारतं.

पेट्रोलच्या नळीवर लावायची चुंबकं आम्ही विकत नाही. सायलेन्सर मोकळा करून देत नाही. त्यानं फक्त आवाज वाढतो आणि दंडही होतो. काढलेला प्लग आणि फिल्टर तुमच्या हातात देतो. ते बघूनच बिल द्या.