नागपूरच्या घरात ओल आली कुठून?

पहिल्या मोठ्या पावसानंतर नागपुरात वॉटरप्रूफिंगवाल्याला फुरसत नसते. मे-अखेरच्या नवतप्यात भाजून निघालेल्या भिंती जुलैत फुगतात, रंगाचे पापुद्रे सुटतात, कपाटामागे बुरशी धरते. २३ मे २०१३ रोजी जिथे पारा ४७.९ अंशांवर गेला, त्या गावात ओलीची तक्रार ऐकून पाहुणे हसतात. पण वर्षाचा हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस इथे बहुतेक सगळा चार महिन्यांत उरकतो. एकाच घराला दोन्ही ऋतू सोसायचे, आणि दोघांचे मागणे उलटे: मे महिन्यात दुपारी खिडक्या लावून घ्या, ऑगस्टात उघड्या टाका.

महाल-इतवारी या जुन्या वस्त्यांतल्या वाड्यांत याची तोड होती. जाड भिंती, मधोमध चौक, चुन्याचा गिलावा. चुना ओल पितो, तशी सोडूनही देतो. भिंत भिजली तरी दिवाळीपर्यंत वाळायची. साध्या कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, घरात तर छतच श्वास घ्यायचे. गरम, दमट हवा वर चढे आणि कवेलूंच्या फटींतून निघून जाई. त्याची किंमतही होती. दरवर्षी मृगाआधी कवेलू फेरायचे, आणि माकडांची टोळी येऊन गेली की पुन्हा.

१८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाले. सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांत उंच छत, भोवती व्हरांडा आणि छतालगत दोरीने उघडायचे झरोके आले. दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडत. आजच्या कुलरची आजी तीच.

पुढे १९३६ च्या कायद्याने शहराची आखणी करणारे सुधार प्रन्यास आले, आखीव लेआउट पडले, घराभोवती मोकळी जागा सुटू लागली. वारा चारी बाजूंनी यायची सोय झाली, पण डोक्यावर स्लॅब आला आणि हवेची वरची वाट बुजली. धरमपेठेतल्या जुन्या घरांत खिडकीच्या वर जाळीचा झरोका अजून दिसतो. बहुतेक ठिकाणी त्यावर पुठ्ठा ठोकलेला असतो. धूळ येते, डास येतात, आता एसीची हवा जाते. कारणे खरी आहेत, पण स्लॅबखाली साचलेली दमट हवा बाहेर जायला तेवढेच भोक होते.

स्लॅबचे आणखी एक दुखणे आपणच ओढवून घेतो. ‘पावसाआधी स्लॅब टाकून मोकळे होऊ’ म्हणत ऐन मे महिन्यात काँक्रीट ओतले जाते. ते घट्ट व्हायच्या आतच उन्हाने पृष्ठभागावरचे पाणी उडते आणि केसासारख्या भेगा पडतात. पुढे स्लॅबवर आळी करून पाणी साठवायचे, ओले पोते पसरायचे असते. त्यात कुचराई झाली की भेगा वाढतात आणि पहिल्या पावसात बोलतात. खालून काळी माती आहेच. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यात जोते हलते. जोत्यावर ओलरोधक थर नसेल तर जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, लागतो. वरून घट्ट सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक रंग चढवला की आतले पाणी आतच कोंडते.

मग कुलर. बाहेरची कोरडी हवा ओल्या खसमधून खेचून तो थंड करतो. आत आलेल्या हवेला समोरून जायला वाट हवी, नाहीतर तासाभरात गादी चिकचिकते. जूनच्या शेवटी बाहेरची हवाच दमट होते, तेव्हा कुलरचे काम संपते. पाणी बंद करून नुसता पंखा चालवावा, तर अनेक घरांत टाकी भरणे चालूच असते.

राष्ट्रीय इमारत संहितेत खिडक्यांचे माप हवामानावर ठरते: उष्ण-कोरड्या भागात जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एकदशांश, उष्ण-दमट भागात एकषष्ठांश, मधल्या हवामानात एकअष्टमांश. नागपूर मिश्र हवामानात गणले जाते. २०१८ च्या इको-निवास संहितेने, म्हणजे निवासी इमारतींच्या ऊर्जाबचतीच्या संहितेने, अशा भागासाठी १२.५ टक्के, म्हणजे तोच एकअष्टमांश धरला, पण मोजायचे ते उघडणारे क्षेत्रफळ. हिशेब संपूर्ण घराचा असतो आणि बाल्कनीचे दारही धरता येते. तरी एक खोली घेऊन पाहा. दहा बाय बाराच्या खोलीला पंधरा चौरस फूट उघडणारी जागा हवी. आपली चार बाय चारची सरकती खिडकी पूर्ण सरकवली, तरी उघडते आठ.